काळजाची परीक्षा

गेल्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. आमचे अण्णा सोने वाटायला म्हणून संध्याकाळी बाहेर पडले आणि वरच्या आळीचा चढ चढताना मध्येच थांबले. छातीवर कोणीतरी पाटा ठेवावा तसे झाले. देवळाच्या कट्ट्यावर दोन मिनिटे टेकले, बरे वाटले, पुन्हा चालू लागले. घरी आल्यावर त्यांनी अर्थातच कोणाला काही सांगितले नाही. परंतु वहिनींच्या नजरेतून काही सुटत नाही. पुढच्या पंधरा दिवसांत तोच चढ आणि तोच पाटा असे तीन-चार वेळा झाले, तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतले आणि म्हणाल्या, "भावोजी, यांना तुम्हीच घेऊन जा डॉक्टरांकडे. माझं काही हे ऐकायचे नाहीत."

आम्ही पुण्याला गेलो. इस्पितळाचे नाव सांगण्याचे कारण नाही. अण्णांच्या मनगटातून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेण्यात आली, तिच्यातून औषध सोडले, आणि हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांचे चित्र पडद्यावर उमटले. पावसाळ्यानंतरच्या ओढ्यांचा नकाशा असावा तसे ते दिसत होते. त्यांतला एक ओढा एका ठिकाणी अगदी चिंचोळा झाला होता. मलादेखील तो कळला. तरुण डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "आत्ताच स्टेंट घालून टाकू. अर्ध्या तासात काय ते सांगा."

मी आत गेलो. अण्णा टेबलावर निजलेले. सारा जन्म कोर्टात कारकुनी केलेला माणूस. सही करण्याआधी कागद वाचायचा, ही सवय हाडीमाशी मुरलेली. त्यांनी डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारले. "याने मी जास्त जगणार का? आणि जगणार असेन, तर हे तुम्हाला कसं कळलं?"

डॉक्टर हसले. "काका, एवढा विचार करू नका. बाहेर माणसं रांगेत आहेत."

अण्णांनी सही केली नाही. परतीच्या प्रवासात बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत होते. मग मला म्हणाले, "मास्तर, तू एवढी पुस्तकं वाचतोस. एक शोधून काढ. हे पहिल्यांदा कोणी केलं? आणि याने बरं होतं, हे कोणी ठरवलं?"

मी डॉक्टर नव्हे. मुलांना शिकवतो आणि सुटीत कादंबऱ्या लिहितो. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते इतिहास म्हणून वाचावे, औषधाची चिठ्ठी म्हणून नव्हे. अण्णांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला लवकर सापडले, आणि ते एखाद्या कादंबरीसारखे निघाले. दुसऱ्याला मात्र वेळ लागला.

*

१९२९ सालचा उन्हाळा. बर्लिनच्या ईशान्येस एबर्सवाल्ड नावाचे एक लहानसे गाव. तेथल्या इस्पितळात वेर्नर फोर्समन नावाचा, पंचविशीच्या उंबरठ्यावरचा एक डॉक्टर शिकाऊ म्हणून काम करीत होता. त्या काळी जिवंत माणसाच्या हृदयाला आतून स्पर्श करणे हे डॉक्टरांना अविचाराचे वाटे. छातीला कान लावावा, नाडी पाहावी, फार तर क्ष-किरणांनी हृदयाची सावली पाहावी. त्यापुढे जायचे नाही.

फोर्समनने एका पुस्तकात एक चित्र पाहिले होते. शोव्हो आणि मारे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात घोड्याच्या मानेच्या शिरेतून एक नळी थेट त्याच्या हृदयापर्यंत नेली होती, आणि घोडा शांतपणे उभा होता. घोड्याला जे चालते ते माणसाला का चालू नये? हृदयापर्यंत अशी वाट मिळाली तर मरणाच्या दारातल्या रोग्याला औषध थेट तेथेच पोहोचवता येईल. त्याने आपल्या वरिष्ठांकडे परवानगी मागितली. वरिष्ठ भले गृहस्थ होते, पण त्यांनी साफ नकार दिला. "मग स्वतःवर करून पाहतो," असे म्हटल्यावर तर अधिकच ठाम नकार मिळाला.

आता निर्जंतुक हत्यारांच्या कपाटाच्या किल्ल्या होत्या गेर्डा डिट्झेन या परिचारिकेकडे. फोर्समनने तिच्याशी हळूहळू ओळख वाढवली, आपली कल्पना समजावून सांगितली. ती इतकी पटली की बाई म्हणाली, प्रयोग माझ्यावरच करा. एके दुपारी सारे वामकुक्षी करीत असताना दोघे शस्त्रक्रियेच्या खोलीत गेले. त्याने तिला टेबलावर निजवले आणि हातपाय पट्ट्यांनी बांधले. मग तिच्या नजरेआड जाऊन त्याने स्वतःच्याच डाव्या कोपराची शीर उघडली आणि मूत्रमार्गासाठी वापरतात तसली एक बारीक नळी तीत सरकवायला सुरुवात केली! आपली फसगत झाली हे ध्यानात येताच ती बाई संतापली. पण तोवर नळी बरीच आत गेली होती. त्याने तिचे बंध सोडले, आणि नळी हातात लोंबत असताना दोघे जिना उतरून तळघरातल्या क्ष-किरणांच्या खोलीत गेले. तेथे समोर आरसा धरवून त्याने पडद्यावर आपलेच अंतरंग पाहिले. एक सहकारी धावत आला आणि नळी उपसू लागला. त्याला फोर्समनने लाथ मारून दूर केले. सुमारे ६५ सेंटिमीटर नळी आत गेली तेव्हा तिचे टोक हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात दिसले. त्याने तसा फोटो काढवून घेतला. तो आजही उपलब्ध आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचा निबंध छापून आला. मोठी वाहवा झाली असेल असे वाचकांना वाटेल. झाले उलटेच. बर्लिनच्या नामांकित इस्पितळात त्याला नीट थारा मिळाला नाही. हृदयाचा नाद सोडून बिचारा मूत्ररोगांकडे वळला.

येथपर्यंतची गोष्ट मी अण्णांना मोठ्या हौसेने सांगितली. पुढची सांगताना जीभ अडखळली. कारण १९३२ साली हाच फोर्समन नाझी पक्षाचा सभासद झाला. महायुद्धात तो सैन्यात डॉक्टर होता, शेवटी युद्धकैदी झाला. ज्याने परक्यावर प्रयोग नको म्हणून स्वतःची शीर कापली, तो माणूस कोणत्या कळपात जाऊन उभा राहिला! त्याच राजवटीतल्या काही डॉक्टरांनी छावण्यांतल्या कैद्यांवर जे अघोरी प्रयोग केले त्यांचा खटला युद्धानंतर न्यूरेंबर्गला चालला. १९४७ साली त्या न्यायालयाने निकालपत्रात दहा कलमे घालून दिली. पहिलेच कलम असे की, ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची राजीखुशीची, समजून-उमजून दिलेली संमती हवी. आज इस्पितळात आपल्यापुढे सहीसाठी जो कागद येतो, त्याच्या मुळाशी ही कलमे आहेत. तो कागद वाचायला अर्धा तासही ज्यांना जास्त वाटतो, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

*

फोर्समनने वाट शोधली, पण त्या वाटेवर राबता सुरू केला तो दुसऱ्यांनी. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळात आंद्रे कूर्नाँ आणि डिकिन्सन रिचर्ड्स या दोघांनी १९४०च्या सुमारास तो जर्मन निबंध मनावर घेतला आणि वर्षानुवर्षे शांतपणे, मोजमाप करीत, शेकडो रोग्यांच्या हृदयापर्यंत नळी नेऊन दाखवली. १९५६ साली नोबेल पारितोषिक तिघांना विभागून मिळाले. त्या वेळी फोर्समन जर्मनीतल्या बाड क्रॉइट्सनाख या गावी मूत्ररोगांवर उपचार करीत होता. खेड्यातल्या साध्या भटजीला एकाएकी शंकराचार्यांच्या पीठावर बसवावे, अशा अर्थाचे काहीतरी तो ख्रिस्ती भाषेत बोलला.

पण ही नळी शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यांत जात होती. हृदयाच्या स्वतःच्या ज्या बारीक रोहिण्या, ज्यांच्यात अडथळा आला म्हणजे माणूस छातीला हात लावून खाली बसतो, त्यांच्यात शिरण्याची कोणाची छाती नव्हती. तेथे रंगद्रव्य गेले तर हृदयाचा ताल बिघडून मृत्यू ओढवेल, असे सर्वांनी धरून ठेवले होते. ही समजूत मोडली ती अपघाताने. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स हे डॉक्टर एका २६ वर्षांच्या तरुणाची तपासणी करीत होते. महारोहिणीत रंगद्रव्य सोडायचे होते; नळीचे टोक नकळत घसरून उजव्या हृदयरोहिणीत गेले आणि ते सारे द्रव्य तेथेच सुटले. हृदय थांबले. सोन्सनी ओरडून रोग्याला खोकायला सांगितले. तो शुद्धीवर होता, खोकला. आणि काही क्षणांत हृदय पुन्हा चालू लागले. त्या घाबऱ्या मिनिटांतून डॉक्टर सोन्स एक विचार घेऊन बाहेर आले: एवढे द्रव्य जाऊनही माणूस जगला, तर थोडेथोडे, बेताने सोडले तर काय हरकत आहे? आज गावोगाव जी अँजिओग्राफी होते तिचा जन्म हा असा आहे.

*

आजार दिसू लागला. तो दुरुस्त कसा करायचा? त्याचे उत्तर प्रथम पायात सापडले. अमेरिकेच्या पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर नावाचे क्ष-किरणतज्ज्ञ होते. १६ जानेवारी १९६४ रोजी त्यांच्यापुढे ८२ वर्षांची एक म्हातारी आली. पायाची रोहिणी चोंदून बोटे काळी पडलेली. शल्यवैद्यांनी सांगितले, पाय कापावा लागेल. म्हातारी म्हणाली, मी काही पाय कापू देणार नाही. डॉटरनी एकीवर एक जाड होत जाणाऱ्या नळ्या त्या रोहिणीतून घातल्या आणि चोंदलेली जागा आतूनच रुंद केली. पाय उबदार झाला. म्हातारी पुढे आणखी अडीच वर्षांहून अधिक जगली, आणि अखेरपर्यंत आपल्याच दोन पायांवर चालली. शल्यवैद्य मात्र डॉटरना वेडा म्हणत.

त्या वेड्याचा एक शिष्य युरोपात निघाला. आंद्रेआस ग्रुंट्झिश हा १९३९ साली ड्रेस्डेनला जन्मलेला तरुण स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरी इस्पितळात काम करी. नळीच्या टोकाला एक छोटा फुगा बसवावा, अडथळ्यापाशी नेऊन तो फुगवावा आणि पुन्हा रिकामा करून काढून घ्यावा, अशी त्याची कल्पना. पण साधा फुगा जिथे मोकळीक मिळेल तिथे फुगतो. याला हवा होता ठराविक जाडीपलीकडे न फुगणारा, आणि तरी न फुटणारा. दिवसाचे काम आटोपून तो घरी येई, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याची पत्नी, त्याची सहायिका आणि तो असे बसून प्लॅस्टिकच्या नळ्या तापवून, ताणून, दोरे गुंडाळून फुगे बनवीत. आपल्याकडे दिवाळीच्या आधी घरोघर आकाशकंदिलाच्या काड्या आणि खळ घेऊन मंडळी बसतात ना, तसेच ते दृश्य असावे. कित्येक फुगे फुटले. १९७४ साली पायाच्या रोहिणीत त्याचा फुगा यशस्वी झाला. १९७६ साली त्याने कुत्र्यांच्या हृदयरोहिण्यांवरचे प्रयोग अमेरिकेतल्या एका परिषदेत मांडले. बहुतेकांनी मान हलवली आणि पुढे गेले.

१६ सप्टेंबर १९७७. टेबलावर ३८ वर्षांचा एक विमा-विक्रेता होता. ग्रुंट्झिशही ३८ वर्षांचाच. रोग्याला आदल्या दिवशी सर्व सांगितले होते: हे आजवर कोणाही जाग्या माणसाच्या हृदयावर झालेले नाही, नको असेल तर छाती उघडून करायची शस्त्रक्रिया आहेच. तो म्हणाला, हे करा. शल्यवैद्य शेजारी सज्ज उभे राहिले. फुगा अडथळ्यापाशी गेला, दोनदा फुगवला, काढून घेतला. रक्ताची वाट मोकळी झाली. छातीत दुखलेसुद्धा नाही! दहा वर्षांनी त्या गृहस्थाची पुन्हा तपासणी झाली तेव्हाही ती जागा मोकळीच होती.

मला या माणसाचे सर्वांत कौतुक वाटते ते यापुढच्या वागण्याचे. एवढे यश पदरी पडल्यावर कोणीही ढोल वाजवले असते. १९७९ साली त्याने पहिल्या ५० रोग्यांची हकिगत छापली, आणि तीत स्वच्छ लिहिले की ५० पैकी ३२ जणांत हे साधले. राहिलेल्या अठरांना त्याने झाकले नाही. शिकायला आलेल्या डॉक्टरांपुढे तो पडद्यावर दाखवत प्रत्यक्ष उपचार करी. चुकले तर चुकलेलेही त्यांना दिसे. ज्यांना ज्यांना त्याने ही विद्या दिली त्यांनी आपल्या सर्व रोग्यांची, यशापयशासह, एका वहीत नोंद करावी असा त्याचा आग्रह असे. २७ ऑक्टोबर १९८५ रोजी अमेरिकेत स्वतः विमान चालवीत असताना अपघात होऊन तो पत्नीसह मरण पावला. वय अवघे ४६.

*

फुग्याने उघडलेली रोहिणी पुष्कळदा काही महिन्यांत पुन्हा आवळे. म्हणून १९८६ साली फ्रान्समध्ये झाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिश झिगवार्ट यांनी तेथे तारेची बारीक जाळी बसवून ठेवली. विहिरीची माती ढासळू नये म्हणून आत कडे बांधतात तशी. हाच स्टेंट. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय प्रयोगात नुसत्या फुग्यानंतर शंभरांत ३२ जणांची, तर जाळीनंतर २२ जणांची रोहिणी पुन्हा अरुंद झालेली आढळली. सुधारणा झाली, पण बावीस उरलेच. जाळीच्या आतही शरीर नवे मांस भरीत होते.

ते थांबवणाऱ्या औषधाच्या कथेत आपला एक भारतीय माणूस आहे. दक्षिण पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावरची माती १९६४ साली गेलेल्या एका कॅनेडियन मोहिमेने आणली होती. त्या मातीतल्या सूक्ष्म जंतूंपासून मॉन्ट्रिअलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक द्रव्य वेगळे काढले. पुढे ती प्रयोगशाळा बंद पडली आणि हे काम सोडून देण्यात आले. सेहगलांना मात्र ते सोडवेना. त्यांनी त्या जंतूंच्या कुप्या घरच्या बर्फपेटीत जपून ठेवल्या. "खाऊ नये" अशी चिठ्ठी लावून! काही वर्षांनी वरिष्ठ बदलले, काम पुन्हा सुरू झाले, आणि पेशींची बेसुमार वाढ रोखणारे ते द्रव्य प्रथम मूत्रपिंडाचे रोपण झालेल्यांना आणि मग स्टेंटवर लेप म्हणून उपयोगी पडले. २००२ साली २३८ रोग्यांवरच्या प्रयोगात साध्या जाळीच्या शंभरांत सुमारे २७ जणांना सहा महिन्यांत पुन्हा अडथळा आला. लेप दिलेल्यांत एकालाही नाही. पुढच्याच वर्षी सेहगल वारले.

येथपर्यंत वाचून मी अण्णांना म्हणालो, "बघा, केवढी ही माणसं! आता सही करायला हरकत नाही."

अण्णा म्हणाले, "वाट मोकळी झाली हे कळलं. माणूस जास्त जगला का, हे तू अजून सांगितलं नाहीस."

*

कारकुनाची नजर! मी पुन्हा पुस्तकांकडे वळलो.

१९५०च्या दशकात अमेरिकेत छातीच्या या दुखण्यावर एक शस्त्रक्रिया फार लोकप्रिय झाली होती. छातीच्या आतल्या बाजूच्या दोन रोहिण्या बांधून टाकायच्या, म्हणजे ते रक्त हृदयाकडे वळेल, असा तर्क. रोगी सांगत, दुखणे कमी झाले. डॉक्टर खूष, रोगी खूष. तेव्हा सिअ‍ॅटल येथील काही डॉक्टरांनी एक विलक्षण गोष्ट केली. १७ रोग्यांपैकी आठांच्या रोहिण्या बांधल्या. नवांच्या छातीवर नुसता कातडीचा छेद घेऊन टाके घातले. कोणाला काय केले ते त्यांना कळू दिले नाही. १९५९ साली निकाल छापला: दोन्ही गटांना सारखेच बरे वाटत होते! पुढच्या वर्षी कॅन्ससमध्येही तसेच दिसले. शस्त्रक्रियेची ती लाट ओसरली. त्या रोग्यांना आधी सर्व सांगायला हवे होते, ही गोष्ट खरीच. पण त्या नऊ जणांच्या कोऱ्या टाक्यांनी पुढच्या हजारोंच्या छातीवरची सुरी वाचवली.

मला यात नवल वाटले नाही. मी मास्तर आहे. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचे नाव का नसते, नुसता क्रमांक का असतो? तपासणारा लबाड असतो म्हणून नव्हे. हुशार मुलाचे नाव दिसले की भला मास्तरही त्याच्या चुकीवरून डोळा फिरवतो. औषधालाही तसेच आहे. देणाऱ्याला ते चांगले वाटत असते, घेणाऱ्याला बरे व्हायचे असते. दोघे मिळून प्रेमाने जास्त गुण देतात. म्हणून नाव झाकायचे. आणि कोणाला कोणता उपचार द्यायचा हे डॉक्टरांनी न निवडता, क्रिकेटच्या नाणेफेकीसारखे दैवावर सोडायचे. नाहीतर धडधाकट रोगी आपल्या आवडत्या उपचाराच्या वाट्याला जातात.

आणि संख्या मोठी हवी. ऑक्सफर्डच्या मंडळींनी हृदयविकाराचा झटका आलेल्या १७,१८७ रोग्यांवर असा एक प्रयोग केला. त्याचा निकाल १९८८ साली आला. अ‍ॅस्पिरिनची साधी गोळी आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांत शंभरी ८ जण हृदय वा रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावले. दोन्ही न मिळालेल्यांत १३ हून अधिक. छापणाऱ्यांनी आग्रह धरला की वेगवेगळ्या प्रकारच्या रोग्यांचे निकाल वेगवेगळे द्या. तेव्हा या विद्वानांनी रोग्यांची फोड केली ती जन्मराशींवरून! आणि काय आश्चर्य, मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनने किंचित अपायच होतो असे आकडे निघाले. अर्थ असा की, माहितीचे पुरेसे बारीक तुकडे केले तर कोणत्याही तुकड्यातून हवे ते भविष्य वाचता येते. या अंकातले वार्षिक राशिभविष्य आपण सारे आवडीने वाचतो, मीही वाचतो. पण मिथुन राशीच्या वाचकांनी त्यावरून डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नये.

*

आता स्टेंटची पाळी. एक गोष्ट आधी स्पष्ट सांगतो, कारण तिच्यावाचून हा लेख घातक ठरेल. हृदयविकाराचा झटका आला, म्हणजे रोहिणी एकाएकी बंद पडली, तर ती लवकरात लवकर फुग्याने आणि स्टेंटने उघडल्यास जीव वाचतात. १९९३ पासूनच्या अनेक प्रयोगांनी हे सिद्ध झाले आहे. तेथे अण्णांसारखे प्रश्न विचारीत बसू नये, धावत सुटावे.

पण अण्णांचा आजार तो नव्हता. चढावर दुखते, बसले की थांबते, महिनोन्महिने तसेच राहते, अशा स्थिर दुखण्यासाठी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून त्याचे जे नाव ठेवले होते त्याचा अर्थच मुळी 'धैर्य' असा होतो. अमेरिका आणि कॅनडातले २,२८७ रोगी. निम्म्यांना उत्तम औषधे, निम्म्यांना उत्तम औषधे आणि शिवाय फुगा-स्टेंट. साडेचार वर्षांहून अधिक काळ पाहिले. मृत्यू किंवा झटका आला तो स्टेंटवाल्यांत शंभरी १९ जणांना, नुसत्या औषधवाल्यांत साडेअठरांना. म्हणजे फरक नाहीच. दुखणे मात्र स्टेंटने आधी जास्त कमी झाले. वर्षे गेली तसा तो फरकही पुसट झाला. पुढे ३७ देशांतल्या, आणि त्यात आपल्याही देशातल्या, ५,१७९ रोग्यांवर आणखी मोठा प्रयोग झाला. २०२० सालच्या त्याच्या निकालातही स्थिर दुखण्यात आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. ज्यांची मुख्य डावी रोहिणीच अरुंद आहे किंवा हृदय फार दुबळे झाले आहे, त्यांना त्यात घेतलेच नव्हते. त्यांचा हिशेब निराळा.

राहता राहिले दुखणे. १९५९ सालचा तो जुना प्रश्न कोणीतरी पुन्हा विचारायला हवा होता. तो लंडनमध्ये रशा अल-लामी या डॉक्टरीणबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला. ही मंडळी स्वतः स्टेंट घालणारी. हेच त्यांचे रोजचे काम, हीच त्यांची भाकरी. त्यांनी २०० रोग्यांना आधी स्पष्ट सांगितले की तुम्हांपैकी काहींना स्टेंट मिळेल आणि काहींना नुसते सोंग. तरी त्या दोनशे माणसांनी होकार दिला. टेबलावर त्यांना गुंगीचे औषध दिले, कानांवर संगीत लावले, आणि मग दैवाने ठरवले. २०१७ साली निकाल आला: औषधे नीट चालू असताना, स्टेंटवाले सोंगवाल्यांपेक्षा व्यायामाच्या पट्ट्यावर सरासरी अवघे १६.६ सेकंद जास्त चालले होते, आणि तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. जगभर खळबळ उडाली. बाई तेथे थांबल्या नाहीत. दुखण्याची औषधे बंद ठेवून ३०१ रोग्यांवर त्यांनी दुसरा प्रयोग केला. २०२३ साली त्याचा निकाल आला: अशा स्थितीत सोंगापेक्षा स्टेंटने दुखणे खरोखर कमी होते. आपल्याविरुद्ध गेलेला पहिला निकालही छापला, बाजूने गेलेला दुसराही छापला.

मला आता वाटते, या साऱ्या इतिहासात धैर्य दोन जातींचे आहे. एक फोर्समनचे: स्वतःच्या हृदयात नळी घालण्याचे. त्याचे फोटो निघतात, त्याला नोबेल मिळते. दुसरे या मंडळींचे: ज्या उपचारावर आपला विश्वास आहे, पोट आहे, त्यालाच परीक्षेला बसवून पेपर दुसऱ्याच्या हाती देण्याचे. यात रक्त सांडत नाही, पण मान खाली घालायची तयारी लागते. पहिल्या धैर्याने वाट सापडली. त्या वाटेने कोणी जावे आणि कोणी घरीच बसावे, हे दुसऱ्याने सांगितले. आणि त्या धैर्यात नाव नसलेली माणसेही आहेत. सोंग वाट्याला येईल हे ठाऊक असून "पुढच्यांना कळेल" म्हणून टेबलावर निजणारी.

अण्णांना हे सारे मी दोन रात्री सांगत होतो. मग आमच्या गावच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अण्णांची चित्रे पाहिली, पाऊण तास बोलले, आणि म्हणाले, "मुख्य रोहिणी मोकळी आहे, हृदय दणकट आहे. गोळ्या नेमाने घ्या, विडी सोडा, रोज चाला. दुखणं राहिलं तर स्टेंट आहेच. तो दुखण्यासाठी, आयुष्य वाढवण्यासाठी नव्हे. आणि बसल्या जागी दुखायला लागलं तर मात्र मला विचारायलाही थांबू नका."

अण्णांनी विडी सोडली. वहिनींच्या मते हाच खरा चमत्कार. त्यासाठी त्यांनी चाळीस वर्षे उपास केले होते.

यंदाच्या दसऱ्याला आम्ही दोघे मिळून सोने वाटायला निघालो. वरच्या आळीच्या चढावर मी मुद्दामच हळू चालत होतो. अण्णा देवळाच्या कट्ट्यापाशी थांबले. माझ्या पोटात धस्स झाले.

"दुखतंय का?" मी विचारले.

"नाही रे," अण्णा म्हणाले. "तुला दम लागलाय, म्हणून थांबलो."